काळी गाडी, पातळ क्लिअर कोट आणि ग्लेझ : हाताने मारावं की मशीनने?

मुठेकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझी गाडी सॉलिड ब्लॅक आहे, मेटॅलिक नाही. सात-आठ वर्षं जुनी, मी दुसरा मालक. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं आणि सावलीत गाडी काळ्याऐवजी राखाडी वाटते. दसऱ्याआधी तिला नीट करायची म्हणून दोन ठिकाणी दाखवून आलो. दोन्हीकडे उत्तर एकच मिळालं : तीन टप्प्यांत मशीनने करेक्शन (म्हणजे घासून ओरखडे काढणं) आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा कडक संरक्षक थर.

खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवतो. मला अडतंय ते वेगळ्या कारणाने. मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं गेज आणलं आणि गाडीचे सगळे भाग मोजले. छत आणि दारं ११० ते १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बॉनेट मात्र ८८ ते ९५, आणि पुढच्या कडेला एका ठिकाणी ८०. आधीच्या मालकाच्या काळात बॉनेटवर कुणीतरी जोरात मशीन मारलेलं आहे, हे उघड आहे.

आता हिशेब बघा. कारखान्यातून येणारा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा असतो. पत्र्यावर ईडी कोट (गंज रोखणारा पहिला थर), त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या घरात. गेज फक्त बेरीज सांगतं, कुठला थर किती उरलाय ते सांगत नाही. पण घासणारा माणूस वरूनच घासतो, त्यामुळे जे गेलं ते क्लिअर कोटमधूनच गेलं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांत पांढरे चट्टे येतात, मग सालं निघतात, आणि मग तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही.

ओरखडा "काढणं" म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग खाली आणणं. कडक कंपाउंड (घासणाऱ्या कणांची पेस्ट) आणि कापणारा पॅड दोन-चार मायक्रॉन सहज नेतात. ज्या बॉनेटवर आधीच पंचवीसेक मायक्रॉन कमी आहेत तिथे मला हे करायचं नाही.

म्हणून ग्लेझ, म्हणजे रंगावर चोळायचं तेलकट द्रव. ग्लेझ ओरखडा काढत नाही, बुजवतं. ओरखडा डोळ्याला दिसतो कारण त्या खाचेत हवा असते. क्लिअर कोटचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, हवेचा १. त्या सीमेवर, खाचेच्या तिरप्या कडांवरून प्रकाश वाटेल तिकडे फुटतो. ग्लेझमधली तेलं आणि केओलिनसारखी अतिबारीक माती यांचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या जवळचा असतो. ती खाचेत बसली की प्रकाश फारसा न फुटता आत जातो आणि खालचा काळा रंग पुन्हा काळा दिसतो. कोरडी शहाबादी फरशी ओली केली की एकदम गडद दिसते, त्यामागचं कारणही हेच.

बरेच जण याला लपवाछपवी म्हणतात. माझं मत ठाम आहे : पातळ झालेल्या रंगावर बुजवणं हाच योग्य उपचार आहे. क्लिअर कोट परत येत नाही. ग्लेझ धुऊन गेलं तर पुन्हा लावता येतं.

प्रश्न असा की ते हाताने लावावं की मशीनने? माझ्याकडे १५ मिलिमीटर थ्रोचं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आहे (पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय छोट्या वर्तुळात हलतो, ते), पण कल हाताकडे आहे. ग्लेझमध्ये अपघर्षक कण नसतील तर मशीनच्या फिरण्याचा फायदा तो काय? अनुभवी लोकांनी लिहावं.

कोल्हापुरी_शाईन

मुठेकाठी, जाडी मोजून मग ठरवणारा गिऱ्हाईक आम्हाला क्वचित भेटतो. बॉनेटला कंपाउंड लावायचं नाही हा निर्णय शंभर टक्के बरोबर. ८० मायक्रॉनच्या जागेवर मीसुद्धा कापणारा पॅड टेकवणार नाही. तिथे चिकटपट्टी लावून ती जागा वगळतो.

पण मशीनबद्दल थोडी असहमती. माझं हे रोजचं काम आहे. मशीनने ग्लेझ लावण्याचा फायदा कापण्यात नाही, पसरण्यात आहे. हाताखाली दाब सगळीकडे सारखा पडत नाही. बोटांखाली जास्त, तळव्याखाली कमी. त्यामुळे थर कुठे जाड, कुठे पातळ. जाड थर पुसताना त्रास देतो, आणि जास्त पुसणं म्हणजे नवे बारीक ओरखडे, विशेषतः काळ्यावर. मशीनवर मऊ फिनिशिंग फोमने थर अगदी पातळ आणि एकसारखा बसतो. माल कमी लागतो, खांदा दुखत नाही.

माझी पद्धत लिहितो. पॅड नवा असेल तर आधी त्याच्या तोंडाला सगळीकडे थोडं ग्लेझ चोळून घ्यायचं, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासत नाही. मग वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद ठेवूनच पॅड टेकवत टेकवत ते थेंब दीड-दोन फुटांच्या चौकोनात पसरायचे, नाहीतर चालू करताच भिंतीवर आणि शर्टावर शिंतोडे. सहा स्पीडचं मशीन असेल तर १ किंवा २ वर पसरवायचं, लागलं तर ३ पर्यंत, त्यावर नाही. दाब द्यायचा नाही, मशीनचं वजन पुरे. आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. दोन-तीन वेळा. संपलं. ग्लेझ "जिरेपर्यंत" फिरवत बसायची गरज नाही, इथे कंपाउंडसारखे तुटणारे कण नाहीत.

रोटरी मशीन असेल तर हा विषयच सोडा असं मी सांगतो. ६०० ते १००० आरपीएमवर, मऊ पॅडने, जाणकार माणूस करतो. पण रोटरी एकाच आसावर फिरतं, उष्णता एका जागी साठते, आणि कडेवर क्षणभर थांबलं तरी रंग जातो. तुमच्या बॉनेटची ती ८० ची कड तशीच झालेली असणार.

नवीन_चालक

फार उपयुक्त धागा. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. ग्लेझ आणि वॅक्स यात फरक काय? दुकानात विचारलं तर दोन्ही बाटल्या "चमकीसाठी" म्हणून दाखवतात. आणि माझी गाडी पांढरी आहे, तिला ग्लेझ लावून काही उपयोग होईल का?

मुठेकाठी (धागाकर्ता)

नवीन_चालक, प्रश्न प्राथमिक नाही, इथेच लोकांचे पैसे वाया जातात.

पॉलिश किंवा कंपाउंडमध्ये घासणारे कण असतात, ते रंगाचा थर कमी करतात. ग्लेझ खाच बुजवतं आणि रंगाला खोली देतं, पण संरक्षण जवळजवळ शून्य. वॅक्स किंवा सीलंट (वॅक्सचंच काम करणारा कृत्रिम थर) वरून बसतं, पाणी आणि घाण अडवतं, पण ओरखडे फारसे झाकत नाही. म्हणून क्रम ठरलेला : धुणं, चिकटलेली घाण काढणं, मग हवं असेल तर पॉलिश, मग ग्लेझ, आणि शेवटी वॅक्स. वॅक्स न लावता ग्लेझ सोडलं तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत शॅम्पूबरोबर निघून जातं.

एक अडचण लक्षात घ्या. बऱ्याच बाटल्यांत दोन-तीन कामं एकत्र केलेली असतात. थोडे कण, थोडं फिलर, थोडं वॅक्स. ती वाईट असतात असं नाही, पण माझ्यासारखा पातळ रंग असेल तर आत कण आहेत की नाही हे माहीत असायलाच हवं. माहितीपत्रक वाचा. आणि चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा, खरखर लागली तर कण नक्की आहेत. न लागली तर मात्र नाहीत असं समजू नका, हल्लीचे कण बोटांना कळत नाहीत.

पांढऱ्या गाडीबद्दल : ओरखडे तिलाही तेवढेच असतात, पण रंगच इतका प्रकाश परत फेकतो की ओरखड्यावरून फुटलेला प्रकाश त्यात हरवतो. काळ्या रंगातून परत काहीच येत नाही, म्हणून प्रत्येक रेघ उठून दिसते. पांढऱ्यावर ग्लेझचा फरक फार कमी जाणवतो. तुमच्या जागी मी असतो तर ते पैसे चांगल्या वॅक्सवर आणि दोन उत्तम मायक्रोफायबर कापडांवर घातले असते.

कुर्ल्याची_पद्मिनी

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, मूळ रंगात, गडद निळी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, पण घरच्या गाड्या अजून अनेकांनी जिवापाड जपल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी ग्लेझ हा विषय तुमच्यापेक्षाही महत्त्वाचा आहे.

जुन्या गाड्यांना क्लिअर कोट नसायचा. रंग एकच, वरपासून खालपर्यंत तोच. त्याला सिंगल स्टेज म्हणतात. असा रंग वर्षानुवर्षं उन्हात कोरडा पडतो आणि पृष्ठभागावर खडूसारखी पांढुरकी भुकटी धरतो. गराजवाला पहिलं काय करतो? रबिंग. मशीनला लोकरीचा पॅड लावतो, रबिंग कंपाउंड थापतो आणि दहा मिनिटांत आरशासारखी चमक दाखवतो. मालक खूश. पण पॅड निळा झालेला असतो. तो निळा म्हणजे तुमच्या गाडीचा रंग. असं तीन-चार वेळा झालं की बॉनेटच्या घडीवर प्रायमर दिसायला लागतो. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग आता कुठल्या दुकानात मिळणार आहे? मिळवून मारलात तरी तो मूळ रंग नसतो.

अशा रंगासाठी तेलकट, बिनकणांचं हँड ग्लेझ हेच औषध आहे. मी मेगायर्सचं सात नंबरचं शो कार ग्लेझ वापरतो. ही कंपनी १९०१ साली फर्निचर पॉलिश बनवण्यापासून सुरू झाली, आणि हे ग्लेझ तिच्या जुन्या उत्पादनांपैकी एक आहे; गाड्यांना क्लिअर कोट यायच्या आधीच्या काळातलं. त्यामुळे सिंगल स्टेज रंगाशी त्याचं जमतं यात नवल नाही.

मी असं करतो. गाडी धुऊन पूर्ण कोरडी. जाड टेरीचं सुती कापड, टॉवेलचं असतं तसं, त्यावर भरपूर ग्लेझ. भरपूर म्हणजे खरोखर भरपूर, इथे पातळ थराचा नियम लागू नाही. एका वेळी एकच भाग घेऊन हाताने चोळायचं, बराच वेळ. सुती कापडाचे फासे भुकटी झालेला मेलेला रंग हळूहळू उचलतात आणि तेल आत जातं. मग वरून आणखी एक जाड थर देऊन रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी पुसायचं. जिथे रंग तहानलेला असतो तिथे तेल रात्रीत गायब झालेलं असतं, तिथे पुन्हा एकदा लावायचं. त्यानंतरच वाटलं तर अगदी सौम्य पॉलिश, आणि शेवटी कार्नुबा वॅक्स.

कापडावर थोडा निळा येतोच. तो वरचा मेलेला थर असतो, त्याला घाबरू नये. पण मशीनवर किती गेला हे कळेपर्यंत उशीर होतो, हातावर कळतं. माझं मत विचाराल तर सिंगल स्टेजवर पहिलं ग्लेझ हातानेच.

नाशिकचा_पेंटर

वरच्यांनी एक मुद्दा सोडला म्हणून लिहितो. रंगकामाच्या शेडमध्ये ग्लेझ आलं ते ओरखडे झाकायला कमी आणि ताज्या रंगासाठी जास्त.

ताजा मारलेला रंग वरून कोरडा दिसला तरी आतलं सॉल्व्हंट काही आठवडे बाहेर पडत राहतं. भट्टीत भाजलेला असेल तर कमी, उघड्या शेडमध्ये हवेवर वाळवलेला असेल तर बराच काळ. एवढ्यात वॅक्स किंवा सीलंट मारू नये असं रंगाच्या कंपन्या सांगतात. किती थांबायचं ते रंगाप्रमाणे ३० ते ९० दिवस. मग गाडी गिऱ्हाइकाला द्यायची कशी? पेपर मारून, कंपाउंड करून हलका धूसरपणा राहिलेला असतो. तिथे वॅक्स नसलेलं, सिलिकॉन नसलेलं ग्लेझ हाताने मारतात. ते रंगाचा श्वास अडवत नाही आणि चमक देतं.

सिलिकॉनचा मुद्दा तर फार मोठा. सिलिकॉनवालं कुठलंही तेल शेडमध्ये उडालं आणि शेजारच्या पत्र्यावर बसलं, की नवा रंग तिथे फाटतो. गोल गोल खड्डे पडतात, त्याला आम्ही फिश आय म्हणतो. एक दरवाजा पुन्हा पेपर मारून पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून ज्यांना घरी ग्लेझ मारायचंय त्यांनी मारावं, पण गाडी टचिंगला (एखादा भाग पुन्हा रंगवायला) न्यायची असेल तर पेंटरला आधी सांगावं की यावर काय काय लावलंय. तो वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा जास्त पुसेल, बास.

रत्नांग्री_रोड

आमच्याकडे कोकणात वेगळीच कथा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ग्लेझ लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस रोज गाडी धुतो, वर लाल चिखल. दमट हवेत ग्लेझ वाळतही नाही, पुसताना चिकट रेघा राहतात. मी पावसाआधी सीलंट मारतो आणि सरळ नवरात्रापर्यंत वाट बघतो.

लाल मातीबद्दल पुणे-मुंबईकरांना कळकळीने सांगतो. जांभ्याची धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. आधी पाण्याचा भरपूर मारा. ती धूळ ओढत नेलेला प्रत्येक फटकारा रेघ सोडतो.

मुठेकाठी (धागाकर्ता)

रत्नांग्री_रोड, तुम्ही मुळावर बोट ठेवलंत. पुण्यात तर सोसायटीत रोज पहाटे कोरड्या झटकणीने किंवा एकाच बादलीतल्या एकाच फडक्याने पंधरा गाड्या पुसल्या जातात. ते जाळं तिथेच तयार होतं. मी त्या मुलाशी बोललो. त्याला महिन्याचे पैसे तेवढेच देतो आणि रोज पुसण्याऐवजी फक्त टायर, काचा आणि आतली सफाई करायला सांगितलंय. आठवड्यातून एकदा मी स्वतः दोन बादल्यांनी धुतो. एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. हे न बदलता ग्लेझ लावणं व्यर्थ आहे असं माझं म्हणणं आहे.

पद्मिनीवाल्यांचे आणि नाशिककरांचे विशेष आभार. अशी माहिती गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

सावध_खरेदीदार

मला दुसरी बाजू मांडायची आहे. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली, गडद लाल. शोरूममध्ये आरसा. महिनाभरात तीन-चार वेळा धुतली आणि खालून जाळं, पॉलिशच्या गोल रेघा आणि दारावर किल्लीची लांब खरवड वर आली. सगळं ग्लेझखाली दाबलेलं होतं. मुठेकाठी म्हणतात तसा हा स्वतःच्या गाडीवरचा उपचार असेल तर ठीक, पण विकताना केलं तर ती फसवणूकच आहे आणि मला त्याचा अजूनही राग आहे.

कोल्हापुरी_शाईन

राग रास्त आहे. आमच्या धंद्यातलेही काही जण "करेक्शन" सांगून फिलर भरून देतात. ओळखायचं कसं ते सांगतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून स्प्रे बाटलीत भरा. एका पट्ट्यावर मारा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, मग प्रखर एलईडी टॉर्च तिरकी धरून बघा. पुसलेल्या पट्ट्यात रेघा दिसल्या आणि बाजूला नाहीत, तर तिथे फिलर आहे. फार हट्टी तेलं एका पुसण्यात निघत नाहीत, दोन-तीन वेळा करा. जुनी गाडी घेताना विक्रेत्याला विचारून दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून बघा. नाही म्हणाला तर त्यातूनही बरंच कळतं. ताज्या टचिंगवर मात्र हे करू नका, अल्कोहोलने कच्चा रंग मऊ पडतो.

आणि करेक्शन करून घेणाऱ्यांनी कोटिंगच्या आधी हीच चाचणी आपल्यासमोर मागा. सिरॅमिक कोटिंगला स्वच्छ, तेलविरहित रंग लागतो. खाली नेहमीचं तेलकट ग्लेझ राहिलं तर कोटिंगला पकड मिळत नाही आणि ते लवकर सुटतं. कोटिंगखाली चालतील अशी सिलिकावाली उत्पादनं आता येतात, पण ती ज्या कोटिंगबरोबर वापरायची तशीच वापरावीत, मनाने जोड्या लावू नयेत.

नवीन_चालक

म्हणजे ज्यांच्या गाडीवर आधीच सिरॅमिक आहे त्यांनी ग्लेझ लावू नये?

कोल्हापुरी_शाईन

लावून गाडीचं नुकसान नाही, पण कोटिंगचा पाणी झटकण्याचा गुण तेलाखाली झाकला जातो. ज्यासाठी पैसे दिले तेच बंद केल्यासारखं. मॅट रंगावर मात्र ग्लेझ, वॅक्स, पॉलिश काहीही नको. चकचकीत डाग पडतात आणि सहजी जात नाहीत.

मुठेकाठी (धागाकर्ता)

दोन्ही बाजू ऐकून शेवटी दोन्ही करून पाहिलं. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग केले.

आधीची तयारी दोन्हीकडे एकच. शॅम्पूने धुतली. लोहकण विरघळवणारा स्प्रे मारला; बॉनेटवर जांभळे ओघळ बरेच आले, ते ब्रेकच्या धुळीचे. नंतर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी वडी, भरपूर पाण्याच्या फवाऱ्यासह, अगदी हलक्या हाताने. ८० च्या कडेला क्लेसुद्धा जवळजवळ न दाबता. गाडी सावलीत, बॉनेट हाताला थंड.

डावीकडे हात : फोमचा अ‍ॅप्लिकेटर थोडा ओला करून पिळलेला, एका वेळी फूटभर जागा, सरळ रेषेत पुढे-मागे आणि मग आडवं. गोल गोल मी मुद्दाम टाळतो. चुकून एखादा धुळीचा कण सापडला तर सरळ रेघ फक्त एका कोनातून दिसते, गोल रेघ सगळ्या बाजूंनी. उजवीकडे मशीन, कोल्हापुरी_शाईन यांनी लिहिलं तस्संच, काळा मऊ पॅड, स्पीड २.

बाहेर नेऊन उन्हात पाहिलं, रात्री टॉर्चने पाहिलं. दिसण्यात मला फरक सापडला नाही. बायकोला आणि शेजारच्या काकांना न सांगता दाखवलं, त्यांनाही नाही. जाळं दोन्हीकडे जवळपास नाहीसं झालं, खोल रेघा दोन्हीकडे तशाच राहिल्या. नखाला अडकणारी रेघ ग्लेझच्या आवाक्याबाहेरची आहे.

फरक पडला तो कामात. मशीनच्या बाजूला माल साधारण निम्मा लागला आणि पुसणं फारच सोपं गेलं, एका फटकाऱ्यात. हाताच्या बाजूला दोन ठिकाणी थर जाड राहिला आणि पुसायला दुसरं कापड घ्यावं लागलं. शाईन यांचा मुद्दा मला मान्य. पण बॉनेटच्या कडा, वॉशरच्या नळ्यांभोवतीची जागा, लोगोच्या कोपऱ्यांत मशीन पोचलंच नाही, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर पांढरा डाग लागला तोही मशीनच्याच बाजूला. पट्टी आधी चिकटपट्टीने झाकायला हवी.

म्हणून आता छत, दारं, डिकीचं झाकण मशीनने करणार. पातळ कडा, आरसे, खांब, दाराच्या मुठींच्या खोलगट जागा हाताने. आणि संपूर्ण गाडीवर वॅक्स हातानेच, दोन पातळ थर, मध्ये काही तासांचं अंतर.

कुर्ल्याची_पद्मिनी

पट्टी लावून तुलना करणं फार आवडलं. एक विचारतो, वॅक्स कुठलं? ग्लेझवर सगळंच चिकटत नाही ना?

मुठेकाठी (धागाकर्ता)

बरोबर. सिंथेटिक सीलंटला थेट रंग लागतो, तेलकट ग्लेझवर ते नीट बसत नाही किंवा लवकर जातं. कार्नुबाला तेलाचं वावडं नाही. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं हे वॅक्स, वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं, त्यामुळे आपल्या उन्हातही बॉनेटवर टिकतं, फार महिने नाही पण दिवाळी पार होते. ज्यांना सीलंटच हवं त्यांनी त्याच कंपनीचं, सीलंटखाली चालेल असं सांगितलेलं ग्लेझ घ्यावं.

नवीन_चालक

शेवटचा प्रश्न. पुसायची वेळ कशी कळते? आणि कापड किती जाड घ्यावं?

कोल्हापुरी_शाईन

वाळणारं ग्लेझ असेल तर हलकी धुकट साय येते. बोट ओढून बघा, खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसा, चिकट पट्टा राहिला तर थांबा. पद्मिनीवाल्यांचं सात नंबरसारखं तेलकट ग्लेझ वाळतच नाही, आधुनिक रंगावर ते ओलं असतानाच पुसायचं. कापड ३५० ते ५०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), कडेची शिवण नसलेलं किंवा मऊ शिवणीचं, लेबल कापून टाकलेलं. चार घड्या घाला, एक बाजू भरली की उलटा. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, तंतूंवर थर बसून कापड ग्लेझ उचलत नाही, नुसतं पुढे ढकलतं.

मुठेकाठी (धागाकर्ता)

दारं आणि छत या शनिवारी करतो आहे. पुण्यातल्या कुणाला जाडी मोजून हवी असेल तर गेज महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे आहे, व्यक्तिगत निरोप करा. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, फक्त पत्र्याच्या भागांवर, हे आधीच सांगून ठेवतो.